रोलर कोस्टर, वर्गणी आणि कलम १५

“चळवळीची वर्गणी मागितली की यांचे खिसे फाटके, आणि पाळण्यात बसायला मात्र छत्तीस हजार रुपये! बाबासाहेबांनी यासाठी संघर्ष केला होता का?”

आमच्या वस्तीतील चार कुटुंबे मागच्या महिन्यात एका रविवारी थीम पार्कला जाऊन आली. वस्तीच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि तासाभरात हा सवाल आला. विचारणारे कोणी ट्रोल नाहीत, आमचेच ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. विहाराच्या स्लॅबसाठी दारोदार फिरलेले, नामांतराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेले. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे, म्हणूनच चार ओळींत उडवून न लावता इथे सविस्तर उत्तर देतो. उत्तर सरळ आहे. होय, यासाठीही केला होता.

आधी हिशेब, कारण हिशेबाशिवाय आपल्याकडे कोणी कोणाचे ऐकत नाही. चार घरे, अठरा माणसे. घरामागे महिना नऊशे रुपयांची भिशी, दहा महिने. चार घरांत एक महापालिकेत सफाई कामगार, एक अंगणवाडी सेविका, एक रिक्षावाला आणि आम्ही दोघे सामाजिक संस्थेत काम करणारे. कर्ज काढले नाही. १४ एप्रिलची आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वर्गणी चारही घरांनी दिलेली आहे, पावत्या आहेत.

आता त्या दिवसाबद्दल. पहाटे पाचला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. आजींनी केलेल्या चपात्या आणि बटाट्याची भाजी फाटकाबाहेरच संपवली, कारण आत डबा नेता येत नाही. (हा नियम कोणासाठी आणि कोणाच्या फायद्याचा, हे वेगळे सांगायला नको.) मोठ्या रोलर कोस्टरपाशी उंचीची पट्टी उभी केलेली होती. मुले एकामागून एक तिच्याशी पाठ लावून उभी राहिली. धाकटा दोन बोटांनी कमी पडला आणि रडला. पण आम्हाला त्या पट्टीचे कौतुक वाटले. आपल्या मुलांना आयुष्यभर अनेक पट्ट्यांनी मोजले जाते. आडनावाने, राहण्याच्या पत्त्याने, गुणपत्रिकेवरच्या प्रवर्गाने. इथे फक्त सेंटिमीटर मोजले, आणि ते पुढच्या वर्षी वाढणार आहेत.

रांग पाऊण तासाची होती. आमच्या मागे एक कुटुंब होते, चांगली बोलकी माणसे. कुठून आलात, मुले कितवीत, असे चालले होते. दहाव्या मिनिटाला आले, “आणि आडनाव काय म्हणालात तुम्ही?” म्हणालो नव्हतो. सांगितले. मग बाईंना आपल्या मुलाची टोपी नीट करायची आठवण झाली आणि गप्पा थांबल्या. भांडण नाही, अपमान नाही, कलम लावण्यासारखे काहीच नाही. महाराष्ट्रात ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना आम्ही अतिसंवेदनशील वाटू.

थोड्या वेळाने मोठ्या दादांचा फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची. आधी दोन-तीन माना वळल्या, मग वहिनींचा हात त्यांच्या खिशाकडे गेला. दादांनी तो बाजूला केला, गाणे वाजू दिले आणि मग सावकाश फोन घेतला. रिंगटोनने काय होते असे कोणी विचारील. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा खून झाला. वहिनींचा हात उगाच गेला नव्हता.

मग गाडीत बसलो. गंमत अशी की दोन-दोनच्या जोड्या लावताना आमचा पुतण्या आणि त्या मागच्या कुटुंबाचा मुलगा शेजारी आले. छातीवर एकाच वेळी पट्टे बसले. आजी खालून विचारत होत्या, “अरे, याला डायव्हर कुठंय?” डायव्हर नसतो. साखळी गाडीला चढावर ओढत नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढे इंजिन नाही, काही नाही; चढताना साठलेल्या उंचीवरच सगळी वळणे पार होतात. दीड-दोन मिनिटांचा खेळ. उतरल्यावर दोन्ही पोरे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून खिदळत होती. त्यांच्या आयांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. यावरून जातिअंत झाला असा निष्कर्ष काढण्याइतके आम्ही भोळे नाही. मात्र ते दोघे एका बाकावर बसू शकले, हे कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे घडले नाही.

ते कायद्यामुळे घडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यातील यादी आठवून पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने. या ठरावाच्या आधारावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला. यादी गरजेची आहे, जगण्यापुरती आहे. करमणुकीचा शब्द तिच्यात नाही, आणि तेव्हा असण्याची शक्यताही नव्हती. संविधानाचे कलम १५(२) मात्र दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या बरोबरीने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचे नाव घेते. सत्तावीस वर्षांत यादी विहिरीपासून करमणुकीपर्यंत आली. ती आपोआप आली असे मानणाऱ्यांनी संविधान सभेतील २९ नोव्हेंबर १९४८ची चर्चा वाचावी. त्या दिवशी बाबासाहेबांनी या अनुच्छेदातील दुकान या शब्दाचा अर्थ जितका रुंद करता येईल तितका रुंद करून सांगितला. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा देण्यास बसला आहे, त्याचे ते दुकान. शिवाय हे कलम फक्त सरकारला बांधत नाही, खासगी मालकालाही बांधते. १९५५चा अस्पृश्यता कायदा, ज्याला १९७६ पासून आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, त्याने तर करमणुकीच्या व्याख्येत खेळ, प्रदर्शन, प्रयोग यांच्याबरोबर इतर कोणत्याही प्रकारची मौज धरली आहे. म्हणजे रोलर कोस्टरही आला.

ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांचा लढा पाहावा. बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचे करमणूक उद्यान होते, फक्त गोऱ्यांसाठी. ४ जुलै १९६३ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, तिथे सत्याग्रह झाला आणि अडीचशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यात गोरे धर्मगुरूही होते. २८ ऑगस्ट १९६३ला उद्यान सर्वांना खुले झाले आणि अकरा महिन्यांची शॅरन लँगली फिरत्या घोड्यांच्या पाळण्यात बसली. मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनच्या मोर्चात भाषण करत होते तोच हा दिवस. त्याच किंग यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्यात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून ती अटलांटाच्या फनटाऊनला नेण्याचा हट्ट धरते आणि तिथे काळ्या मुलांना प्रवेश नाही हे बापाला सांगावे लागते. एवढ्या मोठ्या राजकीय पत्रात त्यांनी पाळण्याला जागा दिली, कारण अस्पृश्यता मुलाला पहिल्यांदा कळते ती अशाच ठिकाणी. मतदानाच्या रांगेत ती कळायला अठरा वर्षे लागतात.

आणि समोरच्यांचा द्वेषही तिथेच उघडा पडतो. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. चवदार तळे शुद्ध करून घेणाऱ्यांचे हे सख्खे भाऊ.

आमच्या ज्येष्ठांचा दुसरा मुद्दा धम्माचा आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत, त्यात जत्रा-तमाशांचा नाद हेही एक आहे, असे त्यांनी लिहिले. बरोबर आहे. पण सुत्त तिथे संपत नाही. नाच कुठे, गाणे कुठे, म्हणत सतत भटकण्याचा तो दोष आहे, वर्षातून एका रविवारचा नाही. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीसाठी. उपभोगाचा भाग भगवंतांनी पहिला मोजला आहे. आमच्या चार घरांचा उपभोगाचा भाग चौथाईच्या जवळपासही जात नाही. मालकाने नोकराला वेळोवेळी सुट्टी द्यावी हेही त्याच सुत्तात आहे.

इथे बाबासाहेबांच्या ज्या कामाची आपण जयंतीला फारशी आठवण काढत नाही, ते येते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांचा कायदा दुरुस्त करून घेतला. १९४५ मध्ये भरपगारी सुट्टी, १९४६ मध्ये आठवड्याचे ५४ तासांचे ४८ तास. सुट्टी मिळाली की माणूस काय करील? झोपेल, वाचेल, सभेला जाईल, आणि पोरांना घेऊन कुठेतरी फिरायलाही जाईल. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती याच अंगाने. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गावगाड्यात फुरसत ही काहींचीच मालमत्ता होती. देवाची जत्रा त्यांची, आमच्या वाट्याला हलगी वाजवणे, लाकडे वाहणे आणि मेलेले ढोर ओढणे. फडावर नाचणाऱ्या बाया आमच्या, फेटे उडवणारे हात त्यांचे. करमणूक आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काम म्हणून आली. पैसे मोजून, पाय सोडून, दुसऱ्याने चालवलेल्या पाळण्यात बसणारी आमच्या चार घरांतील ही पहिली पिढी आहे. आजी सत्तरीच्या आहेत. त्या दिवशी त्या फक्त छोट्या आगगाडीत बसल्या आणि तीन फेऱ्या मारल्या.

मग सगळे छान आहे का? नाही. ज्येष्ठांनी आम्हाला चुकीचा प्रश्न विचारला, खरा प्रश्न तसाच राहिला. तो असा. कलम १५ जातीच्या नावाने अडवणाऱ्याला थांबवते, तिकीट खिडकीला थांबवत नाही. माणशी हजारावर तिकीट असेल तर फाटकातून कोण जाणार हे आधीच ठरते, आणि या देशात गरिबीला जात असते. आतही दोन रांगा होत्या. एक आमची पाऊण तासाची, दुसरी जादा पैसे भरणाऱ्यांची, जी आमच्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होती. आमच्या मुलीने विचारले, “ते आधी का जातात?” पैसे दिले म्हणून, असे सांगितले. ती म्हणाली, “पण रांग तर रांग असते ना?” समाजशास्त्रात एम.ए. करून याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मोकळ्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या ताईंशी बोललो. जवळच्याच गावच्या, कंत्राटावर. आम्ही कुठले हे कळल्यावर त्यांनी हळूच जय भीम केला. पाळण्यात बसलात का कधी, असे विचारले तर हसल्या.

शाळेच्या सहलीचे तर बोलायलाच नको. आमच्या वस्तीतील निम्मी मुले सहलीच्या दिवशी घरी असतात. पैसे भरले नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘माझी सहल’ हा निबंध त्यांनाही लिहायचा असतो.

तेव्हा ज्येष्ठांना आमची विनंती आहे, मोर्चा इकडे वळवा. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांतील आणि निवासी शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून एक सहल विनाशुल्क मिळावी, आणि ती फक्त स्मारकांची नको, एक दिवस निव्वळ खेळायचाही असावा. ज्या उद्यानांना सरकारी जमीन किंवा करसवलत मिळाली असेल, त्यांनी ठरावीक दिवशी नाममात्र तिकीट ठेवावे आणि आपल्या कंत्राटी कामगारांच्या मुलांना आत घ्यावे. या मागण्यांचे निवेदन आम्ही तयार केले आहे. विहारात रविवारी वाचून दाखवू, दुरुस्त्या सुचवा, सह्या करा.

भिशी या महिन्यापासून पुन्हा सुरू झाली. चाराची सात घरे झाली आहेत. धाकट्याची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडून ठेवली आहे.