बॅरकमधली खाज

फौजेत माणूस ताप आला की सांगतो, घोटा मुरगळला की सांगतो, दाढ ठणकली तर रात्री दोन वाजता नर्सिंग असिस्टंटला उठवतो. खाज मात्र सांगत नाही. ती बहुतेक वेळा अशा जागी सुरू होते, की सेक्शनमध्ये नुसता उल्लेख झाला तरी पुढचे सहा महिने त्याच्या नावाने विनोद चालतील. शिवाय खाज म्हणजे काही आजार नव्हे, हे आपल्याला घरापासूनच शिकवलेलं असतं. आणि मराठीत 'त्याला भारी खाज आहे' याचा अर्थ काय होतो, हे मी इथे सांगायला नको.

वीस वर्षांहून जास्त नोकरीत वाळू, बर्फ आणि चहाचे मळे असं सगळं पाहून माझं मत असं झालं आहे, की अंगावरच्या पुरळाला 'मामुली' म्हणणं ही आपली फार महागडी सवय आहे. त्यातून सहसा कोणी मरत नाही, हे खरं. पण अर्धी रात्र अंग ओरबाडत काढलेला माणूस पहाटे चारच्या पहाऱ्यावर उभा राहतो, किंवा डोंगरातल्या रस्त्यावर जवानांनी भरलेली गाडी चालवतो, तेव्हा ती खाज त्याच्या एकट्याची राहत नाही.

वरच्या आसामात असताना माझ्या कंपनीत एक नायक होता. हरियाणाचा, आखाड्यात तयार झालेला गडी. पावसाळ्यात मांडीशी सुरू झालेलं पुरळ आठ महिन्यांत कमरेवर, पोटावर आणि पाठीवर पोहोचलं होतं. पीटीला बनियन उतरवायचं टाळू लागला तेव्हा लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, "साहब, मामुली दाद है." आपल्याकडे दाद गाण्याला देतात, हिंदीत दाद म्हणजे नायटा. आणि हा नायटा कुणालाच दाद लागू देत नव्हता. बाजारात दोन डॉक्टर झाले होते, एक वैद्य झाला होता, 'ॲलर्जी आहे' इथपासून 'इथलं पाणीच खराब' इथपर्यंत सगळी निदानं झाली होती.

आमचा आरएमओ म्हणजे नुकताच आलेला तरुण कॅप्टन. त्याने पुरळ बघण्याआधी नायकाला त्याच्या पेटीतल्या सगळ्या ट्यूब आणायला सांगितल्या. पाच निघाल्या. नावं वेगळी, डब्यांचे रंग वेगळे. पण मागची बारीक अक्षरं वाचली तर पाचांपैकी चारांत तेच त्रिकूट: एक बुरशीविरोधी औषध, एक अँटिबायोटिक आणि एक जोरदार स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल. आपल्या देशात, गावात, छावणीबाहेरच्या बाजारात, 'खाजेचं मलम द्या' म्हटल्यावर काउंटरवर जे येतं ते हेच. आठ महिन्यांचं कोडं त्या पाच ट्यूबांत होतं.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. नायट्याची लाली आणि खाज बुरशीपेक्षा जास्त आपल्या शरीराच्या प्रतिकारामुळे असते. आपली तुकडी लढत असते, त्याचा तो गोंगाट. स्टेरॉइड काय करतं, तर आपल्याच तुकडीला गप्प बसवतं. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, माणूस खूश. बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं, मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांनी नायट्याची ती ओळखीची गोल, उठावदार कडा पुसली जाते आणि डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. वैद्यकात याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात, म्हणजे वेश पालटलेला नायटा. शत्रूला गणवेश आपणच पुरवलेला असतो. वर जांघेत, काखेत कातडी पातळ होते आणि ताणल्याचे पांढरे-जांभळे वळ पडतात, ते बहुतेक कायमचे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. चिठ्ठी कोण मागतं ते तुम्ही जाऊन बघा. दरम्यान भारतात बुरशीची अशी एक जात पसरली आहे, की नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना ती अनेकदा जुमानत नाही. तिचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनी. आपल्या देशाचं नाव लावून ती आता जगभर आढळते आहे, आणि याचा अभिमान वाटावा असं काही नाही.

नायकाची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी सापडली. मलमं बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस त्याचे अक्षरशः हाल झाले. त्या काळात तो पुन्हा बाजारात जाणार नाही एवढंच बघणं हे माझं आणि सुभेदार साहेबांचं काम होतं. मग काही महिने गोळ्या. आणि आरएमओने विचारलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला: "घर में किसी को है?" होतं. बायकोला होतं, लहान मुलालाही. प्रत्येक सुट्टीत खाज इकडून तिकडे आणि तिकडून इकडे प्रवास करत होती. त्यांचे उपचार सुरू झाले तेव्हाच याचे लागू पडले.

पण सगळी खाज म्हणजे नायटा नव्हे, आणि माझा खरा राग इथेच आहे. मराठीत खाजेला किती नावं आहेत पाहा: नायटा, गजकर्ण, खरूज, इसब, घामोळं, अंगावर उठणारं पित्त. आपल्या आज्यांना यातला फरक कळत होता. त्यांची औषधं सगळी बरोबर होती असं मी म्हणणार नाही, पण आधी नाव ठरवायचं एवढी शिस्त होती. एका ट्यूबने ही सगळी नावं पुसून टाकली.

खरूज घ्या. रात्री अंथरुणात ऊब आली की वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेच्या पट्ट्याखाली, आणि सेक्शनमध्ये एकाला असली की हळूहळू चौघांना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य खरजेने हैराण होतं आणि गाड्या भरभरून घोंगड्या निर्जंतुक करत होतं. केनेथ मेलनबी या कीटकतज्ज्ञाने १९४१ मध्ये शेफिल्डला प्रयोग सुरू केले. प्रयोगासाठी स्वतःचं शरीर कोणी दिलं, तर सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात लढायला नकार देणाऱ्या माणसांनी. खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या कपड्यांत आणि घोंगड्यांत ते झोपले, आणि फार थोड्यांना लागण झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून. दुसरी गोष्ट त्यांच्यामुळे कळली ती अशी, की पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पुन्हा झाली तर एक-दोन दिवस पुरतात. बंदूक न उचलणाऱ्या त्या लोकांचं सैनिकांवर हे मोठं ऋण आहे. माझ्या व्यवसायातल्या माणसाने ते मोकळेपणाने मान्य करावं.

यातून निघणारा उपाय अगदी फौजी आहे. ज्याला खाज सुटली त्याच्या शेजारच्याला सुटली नसली, तरी किडा त्याच्याही अंगात असू शकतो. म्हणून डॉक्टरने खरूज ठरवली, की बॅरकमधल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी आणि नखांखालची जागा न सोडता परमेथ्रिन लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. घरीही तेच. अर्ध्यांनी आज आणि अर्ध्यांनी परवा लावलं, तर फुकट गेलं. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, त्याने घाबरून रोज मलम चोपडत बसायचं नाही.

काही पुरळांचं मूळ बाहेर असतं. फटिगमध्ये छावणीतलं गाजर गवत उपटायला लावतात, आणि दरवर्षी त्याच दिवसांत त्याच दोघातिघांचे चेहरे, पापण्या आणि माना सुजून लाल होतात. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात ठळकपणे नजरेत आलं. अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं लोक म्हणतात, म्हणून ते काँग्रेस गवत. ज्याला त्याची ॲलर्जी जडली, त्याला ते हाताने उपटायची गरजच नसते. वाऱ्यावरचा सुका भुगा पुरतो. अशा माणसाला फटिगमधून सूट देणं म्हणजे लाड नव्हे.

बिबा तर मराठी माणसाला माहीत आहे. बिबा उतला की काय होतं ते विदर्भातल्या कोणालाही विचारा. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेमागे आणि कमरेवर विचित्र पुरळ उठायला लागलं. त्यांच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तर धोबी कपड्यांवर ज्या शाईने खुणा करत, ती बिब्याची. १९४३ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. पुरळ नेमकं खुणेच्या जागी होतं, म्हणूनच उलगडलं. पुरळ कुठे आहे, हा प्रश्न त्यामुळेच मला औषधाच्या नावापेक्षा मोलाचा वाटतो.

ईशान्येत पावसाळ्यात दिव्याखाली ड्यूटी केलेल्या जवानाच्या गळ्यावर सकाळी चाबकाने मारल्यासारखा लाल पट्टा दिसतो. 'मकडी मूत गयी' म्हणतात. कोळ्याचा त्यात काही दोष नाही. काळा-नारिंगी, मुंगीएवढा एक भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्यातला द्रव कातडी जाळतो. २०२२ मध्ये सिक्कीमच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात असे बरेच विद्यार्थी भाजले आणि त्याला 'नैरोबी माशी' म्हणून बातम्यांत जागा मिळाली. किडा चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, लागलाच तर साबणपाण्याने लगेच धुवायचं. एवढं सांध्याच्या रोलकॉलला सांगितलं तरी एमआय रूमची निम्मी रांग कमी होते.

आणि कधी कधी कारण सापडतच नाही. अंगावर गांधी उठतात, काही तासांत विरतात, दुसरीकडे उठतात, हे सहा आठवड्यांच्या वर चाललं तर बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचं एखादं कारण हाती लागत नाही. मग लोक हजारो रुपयांच्या ॲलर्जीच्या चाचण्या करतात, वांगी सोडतात, शेंगदाणे सोडतात, अंडी सोडतात आणि लंगरमध्ये उपाशी बसतात. त्यापेक्षा महिनाभर वही ठेवा: कधी उठलं, कुठे उठलं, आदल्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, नवीन काय घातलं होतं. फोटो काढा, कारण एमआय रूमला पोहोचेपर्यंत गांधी गायब झालेली असते. नखं कापा. ओरबाडण्याऐवजी ओला गार पंचा ठेवा. उकळत्या पाण्याने आंघोळ करून बुखारीला चिकटून बसणाऱ्यांची कातडी हिवाळ्यात खाजणारच. पाणी कोमट करा, साबण कमी, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा.

गोळीबद्दल एक सांगतो. फौजेत खाजेवर एविल फार चालते. ती आणि तिच्यासारख्या जुन्या गोळ्या गुंगी आणतात. ड्रायव्हर, पहारेकरी किंवा फायरिंगला जाणारा जवान ती गोळी घेऊन ड्यूटीवर जात असेल, तर हे त्याच्या हवालदाराला माहीत असलं पाहिजे. कमी गुंगीच्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरकडे मागा. मला तर वाटतं, रूट मार्चनंतर आपण जसे पाय तपासतो, तसाच महिन्यातून एकदा सेक्शन कमांडरने कुणालाही न हसता खाजेचा प्रश्न विचारावा. पाय बघताना कुणी लाजत नाही, कारण साहेब स्वतः वाकून बघतात.

निवृत्त मंडळींना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. साठीनंतर कातडी कोरडी पडते आणि खाजते, ते बहुधा तेलाने भागतं. पण अंगावर काहीच दिसत नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे सगळं अंग खाजतं, तर ईसीएचएसमध्ये जाऊन रक्त तपासून घ्या. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, कमी झालेलं लोह, क्वचित रक्ताचे गंभीर आजार असे दार ठोठावतात. रक्तदाबाची किंवा दुसरी एखादी नवी गोळी सुरू झाल्यावर खाज आली असेल, तर तेही सांगा. मनाने गोळी बंद करू नका.

आणि जो चट्टा खाजत नाही, त्याला मी यातून वगळलेलं नाही. फिकट किंवा लालसर डाग, त्यावर घाम येत नाही, कापसाचा स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. वेळेत पकडला तर पूर्ण बरा होतो, आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. खाज नसल्यामुळे तो माणूस सिक रिपोर्टला येणारच नाही. त्याला बॅरकमधून शोधून आणावं लागेल.