कानांची साक्ष

२० नोव्हेंबर २०२४ रोजी जिंतूर मतदारसंघातील सेलूचा मतदार मतदानास निघाला, त्याच्या आदल्या रात्री सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे आवाज म्हणून काही ध्वनिफिती राज्यभर पसरविण्यात आल्या होत्या. आवाज आपला नव्हे, असे श्रीमती सुळे यांनी सांगितले. त्यांचे चुलत बंधू, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र तो आपल्या बहिणीचाच असल्याचे म्हटले. पुढे 'बूम' या पडताळणी-संस्थेने यंत्रसाहाय्याने तपासून काही फिती कृत्रिम असल्याचा निष्कर्ष काढला. फितींतील आरोपांचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न कानाचा आहे.

आयुष्यभराचा परिचयही येथे पुरावा ठरत नाही. ओळखीची लकब कानी पडली की उरलेले मन भरून काढते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०२३ सालच्या प्रयोगात ५२९ श्रोत्यांनी कृत्रिम बोलणे ७३ टक्के वेळा ओळखले. नमुने ऐकवून कान तयार केल्यावरही फरक पडला तो किंचितच.

जाणता कान निरुपयोगी आहे, असे नव्हे. 'चार' आणि 'चारा' यांतील च निराळे, लिपीत मात्र एकच. तेथे यंत्र चुकले तर सेलूच्या बाजारातला कोणीही चटकन टोकेल. पण यंत्र रोज सुधारते आहे, आणि भ्रमणध्वनीवरील खरखरीत असले बारकावे बुडतात.

म्हणून मतदानाच्या आदल्या रात्री अशा फिती तपासणारे तज्ज्ञ निवडणूक आयोगाने प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी बसवावेत. सेलूच्या मतदारापाशी तेव्हा एक रात्रच होती.