इनमचा साइझ चार बाइट? कोणी सांगितलं?

इंटरव्ह्यूमधला हमखास प्रश्न. 'सी'मध्ये इनमचा साइझ किती? समोरचा छाती फुगवून सांगतो, "चार बाइट, सर!" आणि विचारणारा मान डोलावतो. मला हल्ली ह्या दोघांचाही सारखाच राग येतो. कॉलेजात मीही हेच उत्तर ठोकून मार्क मिळवलेत, त्यामुळे थोडा स्वतःचाही येतो.

मंडळी, 'सी'च्या स्टँडर्डने हा आकडा कधी सांगितलेलाच नाही. १९८९च्या स्टँडर्डने एवढंच म्हटलं की इनम कुठल्यातरी इंटिजर टाइपशी जुळता असेल. कुठल्या, ते ज्याने त्याने आपल्या कंपायलरपुरतं ठरवावं. सी९९ने स्पष्ट अट घातली की यादीतल्या सगळ्या किमती त्यात मावल्या पाहिजेत. बस्स. गंमत म्हणजे यादीतल्या नावांचा टाइप मात्र इंट! म्हणजे 'लाल' ह्या नावाचा साइझऑफ चार, आणि ज्या व्हेरिएबलमध्ये तो 'लाल' ठेवायचा त्याचा साइझऑफ एक, असंही होऊ शकतं. आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

"पण माझ्या मशीनवर तर चारच येतात!" येणारच. पीसीवर जीसीसी नेहमीच्या इनमला इंट किंवा अनसाइन्ड इंट देतो. पण तोच जीसीसी ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या आर्म मायक्रोकंट्रोलरसाठी वापरा. तिथे सगळ्या किमती मावतील असा सगळ्यात छोटा टाइप घेण्याची पद्धत आहे. ० ते ५ एवढ्याच किमती असतील तर एक बाइट. उद्या कोणी यादीत ३०० ही किंमत घातली की दोन बाइट. एका निरुपद्रवी ओळीने स्ट्रक्टचं माप बदलतं, आणि कंपायलर हूं की चूं करत नाही.

ह्याची किंमत मी दोन रात्री जागून मोजली आहे. एका बाजूला लिनक्सचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला मायक्रोकंट्रोलर, मध्ये सीरियल केबल. दोन्हीकडे एकच हेडर फाइल, त्यात एक स्ट्रक्ट: आधी मोडचा इनम, मग १६ बिटांचं तापमान. मायक्रोकंट्रोलरने पाठवलं मोड २ आणि तापमान २५० (म्हणजे २५.० अंश). त्याच्याकडे इनम एक बाइट, एक पॅडिंगचा, मग तापमान, झाले चार. लिनक्सने ते चारही बाइट मोड म्हणूनच गिळले. मोड निघाला १,६३,८४,००२! दोन रात्री आम्ही केबल बदलतोय, बॉड रेट तपासतोय, हार्डवेअरवाल्यांना शिव्या घालतोय. हार्डवेअर बिचारं निर्दोष होतं.

ह्यावर शहाणे लोक दोन उपाय सांगतात. एक, 'नो-शॉर्ट-इनम्स'चा फ्लॅग लाव. लावतो, पण विकत आणलेली लायब्ररी आधीच छोट्या इनमने कंपाइल केलेली असेल तर काय? लिंकर तशी वॉर्निंग देतो हो, पण शेकडो वॉर्निंग्जच्या ढिगाऱ्यात ती वाचतो कोण? दुसरा, यादीच्या शेवटी ०x७एफएफएफएफएफएफएफ अशी खोटी किंमत टाकून चार बाइट सक्तीने मिळवायचे. डायरेक्टएक्सच्या आणि वल्कनच्या हेडर्समध्ये हे आजही दिसेल. चालतं, नाही असं नाही. पण माप हवं म्हणून यादीत खोटं नाव लिहायचं, हा जुगाड झाला.

मग दोष 'सी'चा का? मला नाही वाटत. अगदी थोडी मेमरी असलेल्या चिपवर एकेक बाइट वाचवणं ही चैन नाही, गरज आहे. स्टँडर्डने मोकळीक दिली ती त्यासाठी. दोष आपला: जे कोणी कधी कबूल केलं नव्हतं ते आपण गृहीत धरलं. वर 'एकच हेडर आहे, म्हणजे एकच लेआउट' अशी खात्रीही बाळगली.

आता तर सबबही उरली नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३मध्ये इनमच्या नावापुढे कोलन देऊन यूइंट८_टी असा टाइप सरळ लिहिता येतो. सी++मध्ये ही सोय २०११पासून आहे. जीसीसी १३ला ती कळते. जुन्या कंपायलरवर अडकला असाल तर नियम एकच: इनम प्रोग्रामच्या आत ठेवा. फाइलमध्ये, केबलवर, दुसऱ्याच्या लायब्ररीच्या सीमेवर नेमक्या मापाचा इंटिजरच जाऊ द्या आणि आत आल्यावर त्याचा इनम करा. सोबत स्ट्रक्टच्या साइझवर एक स्टॅटिक असर्ट ठोका. सी११पासून तो भाषेतच आहे. ती एक ओळ असती तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनो, पुढच्या वेळी कोणी "कुठल्या कंपायलरवर, सर?" असं उलट विचारलं, तर त्याला उद्धट समजू नका. त्याला घ्या!