जुळी वासरे आणि दुसऱ्याची किडनी

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते. अशाच जुळ्या वासरांनी किडनी प्रत्यारोपणाच्या शास्त्राला वाट दाखवली.

१९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांना दिसले, की गर्भात रक्त एकत्र झालेली जुळी वासरे मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात. पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये उंदरांवर दाखवले, की गर्भातच परक्या पेशींची ओळख झाली तर पुढे त्या पेशींच्याच वाणाच्या उंदराची कातडी अंगावर टिकते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी बसवलेली किडनी टिकली; देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते.

जुळा भाऊ किती जणांना असतो? म्हणून वैद्यकाने प्रतिकारशक्तीच दाबायचे ठरवले. आज सांगली-साताऱ्यातल्या रुग्णाला आईने किडनी दिली, तरी टॅक्रोलिमससारख्या गोळ्या सुटत नाहीत. त्यांच्यापायी संसर्ग आणि मधुमेहाचा धोका वाढतो. टॅक्रोलिमस तर दीर्घकाळात किडनीलाच इजा करू शकते.

प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी शरीरातच असतात, ही कल्पना एकेकाळी बदनाम झाली होती. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये तिला पुन्हा उभे केले. त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल मिळाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप-अमेरिकेतल्या चाचणीत किडनी मिळालेल्या ३८ जणांना अशा आवर घालणाऱ्या, म्हणजे नियामक पेशी देण्यात आल्या. किडनी नाकारली जाण्याचे प्रमाण वाढले नाही, विषाणुसंसर्ग घटले आणि १५ जणांना प्रतिकारशक्ती दाबणारे एकच औषध पुरले. आपल्याकडे अहमदाबादेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनीही दात्याच्या मूळपेशी देऊन औषधे कमी करण्याचे प्रयत्न केले होते.

ही आशा खरी आहे, पण उपचार अजून हाती आलेला नाही. नोबेलची बातमी वाचून कोणी गोळी चुकवली, तर जिवाभावाच्या माणसाने दिलेली किडनी गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून शासनाने आधी जिल्ह्याच्या ठिकाणी ही औषधे अखंड मिळण्याची हमी द्यावी. दुसरे काम लांबचे आहे, पण त्याची सुरुवात आजच हवी: पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत उभ्या करणे. वासरांना गर्भात आपसूक मिळालेली गोष्ट आपल्याला खर्च करून घडवावी लागणार आहे. तो खर्च एकट्या रुग्णावर टाकला, तर आटपाडी-माणच्या शेतकऱ्याला ती विकत घेण्यासाठी गोठा रिकामा करावा लागेल.