विजेता : हत्ती

एक खेळघर चालवणाऱ्या वाचक ताईंनी सभागृहाच्या अर्जाची प्रत आमच्याकडे पाठवली आहे. सूर्य हस्तात गेला की संध्याकाळच्या मैदानाचा भरवसा नाही, म्हणून भोंडला पालिकेच्या सभागृहात घ्यायचा, एवढाच त्यांचा बेत. अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात पर्याय दोनच : स्पर्धा किंवा करमणूक. स्पर्धेला निम्मं भाडं, करमणुकीला लग्नाचा दर. ताईंनी स्पर्धेवर खूण केली. कार्यक्रम झाला आणि अहवालाचा कागद पुढं आला : प्रथम, द्वितीय, तृतीय विजेत्यांची नावं भरा, त्याशिवाय अनामत मिळणार नाही. ‘कुणाचीही तीन नावं टाका हो, कोण बघतंय’, असा प्रेमळ सल्ला खिडकीतून मिळाला. ताईंना खोटं लिहवेना. त्यांनी प्रथम क्रमांकापुढं ‘हत्ती’ असं लिहिलं. तासभर सगळ्यांच्या मधोमध पाटावर तोच तर होता! आठवड्यानं अहवाल परत आला. शेरा : ‘विजेत्याचे संपूर्ण नाव लिहावे, आडनाव प्रथम.’

हसू आवरलं असेल तर त्याच अर्जातला दुसरा रकाना बघा. ‘वयोगट (एकच निवडावा) : ६ ते १४ / १५ ते ३५ / ज्येष्ठ नागरिक.’ आमचं भांडण खरं म्हणजे या रकान्याशी आहे. विजेत्यांच्या जागी हत्ती लिहून निभावतं. इथं काय लिहायचं? भोंडल्याची गाणी आजीला पाठ, फेराला वेग सुनांचा आणि खिरापत ओळखायची घाई पोरींना. यातलं एक वय काढून घ्या, खेळ मोडतो. नुसत्या मुलींचा भोंडला चौथ्या गाण्याला अडखळतो. नुसत्या आज्यांचा पाचव्याला खुर्ची शोधतो.

हादग्याची जुनी चढण आठवा. सोळा दिवस, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, सोळाव्या दिवशी सोळा. बेरीज केली तर १३६ वेळा गाणं होतं आणि पहिल्या दिवसाचं गाणं सोळाही दिवस कानावर पडतं. वही न उघडता पाठांतर होतं ते असं. विदर्भ-खानदेशात भुलाबाईचा मुक्काम तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, चांगला महिनाभर. आज आपल्याला मिळते एक संध्याकाळ, सभागृहाचे दोन तास. त्यातही वयं वेगळी काढली तर गाणं कुणाकडून कुणाकडं जायचं?

तिसरा रकाना ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा. ‘आम्ही तोंडानं गाणार’, हे उत्तर तिथं चालत नाही. आमच्या संचालक मित्रांनी एक लक्षात ठेवावं : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई असली, तरी बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरण्याची सूट आहे. कोजागरीला दहाच्या ठोक्याला दिवे घालवू पाहणाऱ्या रखवालदाराला हे शांतपणे सांगा. भाड्याची वेळ संपली असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘कायदा आहे’ एवढ्यावर उठून जाऊ नका. दूध आटायच्या आत घरी जायचं असेल तर त्याला कोजागरी कशाला म्हणायचं?

कचेऱ्यांना बोललो, आता आपल्या घरात डोकावू. गेल्या वर्षी आम्ही पाहिलेल्या भोंडल्यांपैकी निम्म्या ठिकाणी गाणी मोबाइलवरून पेटीत सोडली होती, खाली ढोलकीचा यांत्रिक ठेका. त्या वेगात आजीचा श्वास पुरत नाही. ती दोन फेऱ्यांत कडेला जाते आणि आपण म्हणतो, ‘ज्येष्ठांचा सहभाग कमी.’ खिरापतीचं तर आपण पाकीटच केलं आहे, वर छापील नावासकट. ओळखायचं काय, तारीख? डबा खुळखुळवून आवाजावरून अंदाज, मग गोड की तिखट, तळलेलं की वाफवलेलं, अशी एकेक वाट बंद करत जाण्यात सगळी गंमत. आणि ‘उत्कृष्ट वेशभूषा’, ‘उत्कृष्ट गट’ अशी बक्षिसं लावून आपणच विजेत्यांचा रकाना भरायला बसलो, तर खिडकीतल्या माणसाला कोणत्या तोंडानं बोल लावायचा?

करून बघण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांची खुर्ची भिंतीकडे न लावता फेराच्या आत, हत्तीशेजारी ठेवा. गाणं सांगणं त्यांच्याकडे आणि वेगही त्यांच्या श्वासाचा. खिरापतीचा पहिला अंदाज सगळ्यांत धाकट्याचा. दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात पाऊस आला की मुलांना पडद्यापुढं बसवण्याआधी एक कोपरा आज्यांना द्या : सागरगोटे आणि काचापाणी. तिथं वयाचा हिशेब उलटा चालतो. सत्तरीतली बाई पाच सागरगोटे हवेत असताना गप्पा मारते आणि आठवीतला मुलगा दुसऱ्या डावालाच हात टेकतो. बांगड्यांच्या काचांची टोकं आदल्या दिवशी घासून बोथट करा. कॅरमवर भुकटी ओतत बसू नका. दमट हवेत ती गोळा होते आणि सोंगटी अडते. बोर्ड आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग चिमूटभर टाका. पत्त्यांचा डाव माणसं मोजून ठरवा : तिघं असतील तर पाच-तीन-दोन, चौघं असतील तर मेंढीकोट, आणि माणसं येत-जात असतील तर झब्बू. झब्बूला रकानेच नाहीत.

आता विनंती. यंदाच्या नवरात्रापासून कोजागरीपर्यंत प्रत्येक खेळघरानं निदान एक संध्याकाळ अशी घ्यावी की त्यात तीन पिढ्या एकाच खेळात असतील. एका छताखाली तीन कोपऱ्यांत नव्हे, एकाच फेरात. बक्षीस नाही, क्रमांक नाही. त्याचे फोटो आम्हाला पाठवू नका, फोटोंना या अंकात जागा नाही. पाठवायचंच असेल तर तुमच्या गावातला काचापाण्याचा नियम पाठवा : शेजारची काच हलली तर डाव जातो की पाळी? हादग्याची खिरापत ओळखता आली नाही तर तुमच्याकडे काय करतात? हे सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत आणि त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

आणि अर्ज तर भरावाच लागेल. वयोगटाच्या तिन्ही पर्यायांवर खूण करा. परत आला तर पुन्हा तिन्हींवर करा. शेजारी समासात स्वच्छ अक्षरात लिहा : सर्व. अशा शंभर अर्जांचा गठ्ठा टेबलावर साठला की एखाद्या दिवशी कुणीतरी कंटाळून का होईना, चौथा पर्याय छापेल. हत्तीचं आडनाव सापडलं तर तेवढं मात्र आम्हाला कळवा. त्या ताईंची अनामत अजून अडकलेली आहे.