प्तुय : नदीकाठचे लहान गाव आणि आपला बिरड्याचा रोजा



या वेळी आम्ही तुम्हाला एका लहानशा गावात घेऊन जाणार आहोत. गावाचे नाव प्तुय. 'प' आणि 'त' एका दमात म्हणायचे आणि पुढे 'ऊय' जोडायचा. आमच्या नातीला ते पहिल्या झटक्यात जमले, आम्हाला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बाजारातली फळवाली हसून मान डोलावली, तेव्हा आम्ही पास झालो.

प्तुय स्लोव्हेनिया देशात आहे. हा देश आपल्या इस्राएलपेक्षा आकाराने जरासा लहान, वस्ती एकवीस लाखांच्या आसपास. 1991 पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. मुलगा, सून, नात आणि आम्ही असे चौघे तिकडे आठवडाभर गेलो होतो. मुलाने हे गाव निवडले ते आमच्या गुडघ्यांसाठी, कारण तिथे जमिनीतून गरम पाणी येते आणि त्याची स्नानगृहे आहेत. आम्ही गेलो गुडघे शेकायला आणि घेऊन आलो इतिहास!

गाव द्रावा नदीच्या काठावर आहे. ही नदी इटलीच्या डोंगरात उगम पावते, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात येते आणि पुढे क्रोएशियात डॅन्यूबला मिळते. सातशे किलोमीटरहून लांब वाट आहे तिची. नदीवर टेकडी, टेकडीवर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी लाल कौलांची घरे एकमेकांना चिकटून बसलेली. ती कौले पाहून आम्हाला एकदम कोकणच आठवले. गावात माणसे जेमतेम अठरा हजार. पण हे स्लोव्हेनियातले सर्वांत जुने शहर समजले जाते.

इतक्या जुन्या काळी इथे शहर का झाले? नदीमुळे. इथे द्रावा ओलांडता येत असे. उत्तरेकडच्या बाल्टिक समुद्रावरून अंबर नावाचा पिवळा, मधासारखा दिसणारा खडा इटलीकडे जायचा, तो रस्ता इथूनच जात होता. रोमन लोकांनी गावाला पोएतोव्हिओ म्हटले आणि आधी इथे फौजेची छावणी घातली. पुढे सम्राट ट्राजनच्या काळात छावणीचे शहर झाले. पूल आला, जकातीचे मोठे कचेरी-ठाणे आले, भट्ट्या आल्या, देवळे आली.

गावाच्या चौकात पांढऱ्या संगमरवराचा एक मोठा दगड उभा आहे. जवळजवळ पाच मीटर उंच, म्हणजे दीड मजला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्कुस व्हॅलेरिउस व्हेरुस नावाचा एक नगरप्रमुख होता, त्याच्या थडग्यावरचा हा दगड. त्यावर ऑर्फिअस कोरलेला आहे. ऑर्फिअस म्हणजे ग्रीक कथांतला गवई. त्याचे वाद्य ऐकायला रानातली जनावरेसुद्धा जमत. आता गंमत ऐका, मुलांनो. पुढे मध्ययुगात लोक हे सगळे विसरले. त्यांनी त्याच दगडाला लोखंडी कड्या ठोकल्या आणि चोर-लबाडांना तिथे चौकात बांधून ठेवू लागले! एका माणसाची आठवण राहावी म्हणून उभा केलेला दगड दुसऱ्या माणसांची फजिती करायला वापरला. दगड तोच, माणसे बदलली.

1830 साली गावातल्या सिमॉन पोव्होडेन नावाच्या पाद्र्याने इकडेतिकडे पडलेले रोमन दगड गोळा केले आणि शेजारच्या मनोऱ्याच्या भिंतीत बसवून घेतले. म्हणून आजही रस्त्यावरून जाता जाता, तिकीट न काढता, ते बघता येतात. आम्हाला हे फार आवडले. जपायचे म्हटले की कुणी तरी एकाने वाकून उचलावे लागते.

आता आपल्या घरची गोष्ट.

आमच्या लहानपणी कोकणात तिशा बेआव हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी नसायचा. ते म्हणायचे "बिरड्याचा रोजा". त्या दिवसांत घरात मटण-मासळी नाही, वालाचे बिरडे व्हायचे. आम्ही पोरे वाल सोलत बसायचो आणि आई सांगायची, "आपलं बेथ हमिकदाश जळलं, त्याचा हा रोजा." कुणी जाळले, कसे जाळले, हे तिला विचारले तर म्हणायची, "रोमी लोकांनी." बस्स, इतकेच.

त्या रोमी लोकांचा एक धागा या प्तुय गावातून जातो, हे आम्हाला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

सन 69. रोममध्ये एकाच वर्षात चार सम्राट झाले, इतका गोंधळ. आपल्या देशात यहुद्यांचे बंड मोडायला आलेला सेनापती होता वेस्पासियन. योहानान बेन झक्काई हे आपले रब्बी वेढ्यातून बाहेर पडून याच वेस्पासियनला भेटले आणि यावने मागून घेतले, ही कथा शाळेतल्या मुलांना ठाऊकच आहे. 1 जुलै 69 रोजी अलेक्झांड्रियातल्या फौजेने वेस्पासियनला सम्राट म्हणून जाहीर केले, दोन दिवसांनी यहुदियातल्या फौजेने. पण रोममध्ये व्हितेलिउस नावाचा दुसरा सम्राट बसलेला होता. त्याला हटवल्याशिवाय नुसत्या जाहीर करण्याला काय अर्थ?

तेव्हा वेस्पासियनच्या बाजूचे सेनापती पोएतोव्हिओला, म्हणजे या प्तुयमध्ये जमले. तिथे तेराव्या लिजनची छावणी होती. हे शिपाई आधीच चिडलेले, कारण त्याच वर्षी व्हितेलिउसच्या बाजूने त्यांना लढाईत हरवले होते आणि वर गवंड्यांसारखे प्रेक्षागार बांधायला लावले होते. बैठकीत प्रश्न एकच होता. डोंगरातल्या वाटा अडवून पूर्वेकडची कुमक येईपर्यंत थांबायचे, की लगेच इटलीवर चालून जायचे? अंतोनिउस प्रीमुस नावाचा सेनापती म्हणाला, थांबायचे नाही. त्याचेच चालले. ऑक्टोबरमध्ये क्रेमोनाजवळ त्यांनी लढाई जिंकली, डिसेंबरमध्ये व्हितेलिउस मारला गेला आणि वेस्पासियनची गादी पक्की झाली. ही हकिगत तासितुस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

येरुशलाइमचे काम वेस्पासियनने मुलावर, तितुसवर सोपवले. नव्या घराण्याला मोठा विजय दाखवायचा होता. सन 70 च्या उन्हाळ्यात बेथ हमिकदाश जळाले. पुढच्या वर्षी रोमच्या रस्त्यांवरून आपला मनोरा मिरवत नेला. तितुसच्या कमानीवर तो अजून कोरलेला आहे.

बेथ हमिकदाश जाळायचे प्तुयमध्ये ठरले, असे आम्ही म्हणत नाही. ते खरे होणार नाही. पण ज्या घराण्याच्या हातून ते झाले, त्याची गादीकडची वाट या नदीकाठी मोकळी झाली.

हे सगळे आम्ही चौकातल्या बाकावर बसून नातीला सांगितले. ती दहा वर्षांची आहे. हातातले आइस्क्रीम वितळत होते. तिने थोडा विचार केला आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिब्रूत विचारले, "आजी, मग या गावावर रागवायचं का?"

आम्हाला काही पटकन उत्तर सुचले नाही. "आधी आइस्क्रीम संपव," म्हटले. नर्सचे काम चाळीस वर्षे केले, वेळ मारून नेता येते आम्हाला!

पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढचे दिवस आम्ही गावात फिरलो ते तो प्रश्न बरोबर घेऊनच.

मध्ययुगात प्तुयमध्ये यहुदी राहत होते. तेव्हा गाव साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या ताब्यात होते. 1376 साली गावाचे लेखी कायदे झाले, त्यांत यहुद्यांविषयीही कलमे आहेत. नदीने वर पंचवीस-एक किलोमीटरवर मारिबोर शहर आहे. तिथले जुने सिनेगॉग अजून उभे आहे. त्या शहरात रब्बी इस्राएल इसर्लाइन पंधराव्या शतकात राहत होते, 'तरुमत हदेशेन'चे कर्ते. त्या ग्रंथात 354 प्रश्नोत्तरे आहेत. मुलांनो, 'देशेन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज करून पाहा!

1496 साली राजा मॅक्सिमिलियनने या सगळ्या स्टायरिया प्रांतातून यहुद्यांना हाकलून देण्याचा हुकूम काढला. थोड्याच वर्षांत मारिबोरच्या सिनेगॉगचे चर्च केले गेले. आज तिथे प्रार्थना होत नाही, पण इमारत नीट केली आहे आणि आपल्या लोकांचा इतिहास तिथे सांगितला जातो. हाकलणे-जाणे इथे पुढेही चालूच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्तुय गावात बहुतेक लोक जर्मन बोलत, गावाला पेटाऊ म्हणत. 1941 मध्ये हिटलरच्या राज्याने हा भाग घेतला आणि कित्येक स्लोव्हेन कुटुंबांना घरातून काढले. 1945 नंतर जर्मन बोलणारे गेले. पोएतोव्हिओ, पेटाऊ, प्तुय. नावाचे मूळ एकच, ते उच्चारणारी तोंडे बदलत गेली.

आता जरा हसू या. प्तुयची खरी शान म्हणजे कुरेंट. हिवाळ्याच्या शेवटी, चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपासाच्या आधी, आजूबाजूच्या खेड्यांतले लोक मेंढीचे केसाळ कातडे अंगभर घालतात. तोंडावर चामड्याचा मुखवटा, त्याला लांब लाल जीभ, डोक्यावर शिंगे नाहीतर पिसे, कमरेला गाईच्या गळ्यातल्यासारख्या मोठ्या घंटा. हातात काठी, तिच्या टोकाला साळिंदरासारखे काटे, ते खरे तर हेजहॉग या छोट्या प्राण्याचे कातडे असते. असे हे कुरेंट दारोदार जातात, उड्या मारतात, घंटा खणखणवतात. हिवाळा पळाला पाहिजे आणि घराला बरकत आली पाहिजे, ही समजूत. पूर्वी फक्त अविवाहित तरुण कुरेंट व्हायचे आणि मुली त्यांच्या कमरेला रुमाल बांधायच्या. 1960 पासून गावात याचा मोठा उत्सव होतो आणि 2017 साली युनेस्कोने या दारोदार फिरण्याची वारसा म्हणून नोंद केली.

आम्ही उन्हाळ्यात गेलो, म्हणून किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवलेले कुरेंटच पाहिले. पण पाहताच आम्हाला कोकणातला शिमगा आठवला. तिथेही सोंगे दारोदार येत, आणि आम्ही पोरे आईच्या पदरामागे लपत असू. आपले जुने लोक पुरीमला "होळीचा सण" म्हणत, ते काय उगाच? दिवस तेच, थंडी सरण्याचे. प्तुयच्या सुनांनी आणि कोकणच्या सुनांनी एकमेकींना कधी पाहिले नाही, पण दारात सोंग आले की दोघीही काही तरी हातावर ठेवत होत्या.

शेवटच्या दिवशी आम्हाला उत्तर सापडले. संग्रहालयाच्या संग्रहात एक रोमन काळचा दगड होता. त्यावर एक बाई बसलेली, मांडीवर कपड्यात घट्ट गुंडाळलेले तान्हे बाळ, आणि ती त्याला अंगावर पाजते आहे. खालच्या पाटीवर लिहिले होते, "नुत्रिसेस". म्हणजे दाया, बाळांना दूध पाजून वाढवणाऱ्या. पोएतोव्हिओचे लोक त्यांना देवी मानत. असे दगड जवळजवळ फक्त याच गावात सापडतात. गावातल्या माणसांनी, त्यांत जकातीच्या नोकरीतले गुलामही होते, आपल्या मुलांच्या आरोग्यासाठी ते कोरून घेतले.

आपण मूर्तीला हात जोडत नाही, आम्हीही जोडले नाहीत. पण पाय तिथून हलेनात. आमची कितीतरी वर्षे नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची आई काचेबाहेर उभी राहायची आणि हळूच विचारायची, "सिस्टर, नाव ठेवू का आत्ताच?" तिला विचारायचे असायचे ते वेगळेच. आम्ही म्हणायचो, "ठेव गं, छान नाव ठेव." दगडावरच्या त्या आईबापांनीही असाच कुणाला तरी प्रश्न विचारला असेल.

नातीला जवळ बोलावले आणि सांगितले, "बघ बाळा. याच गावात सेनापती बसले आणि लढाई ठरवली. आणि याच गावात आयांनी बाळ जगावं म्हणून दगड कोरून घेतले. राग धरायचा तर त्या आयांवर कसा धरशील? आपण रोजा करायचा, बेथ हमिकदाश विसरायचं नाही. पण गावाची गोष्ट सांगायची ती पूर्ण सांगायची."

ती म्हणाली, "आणि तुझ्या गावाची गोष्ट?"

वाचकहो, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावाची गोष्ट नातवंडांना पूर्ण सांगितली आहे? तेलाचा घाणा कुठे होता, विहीर कुठली, शेजारी कोण, बिरडे कोण छान करायचे? आपल्याकडे पाच मीटरचा संगमरवर नाही. आपल्याकडे आपण आहोत, तेही थोडेच दिवस. या रोज्याच्या आधी एक कागद घ्या आणि दहा ओळी लिहा. हात थरथरत असेल तर नातवाला लिहायला बसवा. त्याचेही मराठी सुधारेल.

मुलांसाठी तीन प्रश्न : द्रावा कोणत्या नदीला मिळते? ऑर्फिअसच्या दगडाला कड्या का ठोकल्या होत्या? आणि तुमच्या आजी-आजोबांचे गाव कोणते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे याच पानावर आहेत. तिसऱ्याचे उत्तर घरात बसले आहे, उठा आणि विचारा.

पुढच्या अंकात भेटूच. शालोम!