आकाशमार्गे मुंबईस



स्मरणिकेच्या पृष्ठांवर करआकारणी, बाजारभाव, धर्मचर्चा इत्यादी विषयांवर अधिकारी मंडळी लिहीत असतातच. मला जो विषय सुचला तो वरवर पाहता आपल्या पेठेचा नव्हे. खाजगी विमान भाड्याने घेऊन मुंबईस जाऊन येणे, हा तो विषय होय. परंतु हा प्रघात आता आपल्या ओळखीच्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. मी स्वतः त्या विमानात बसून आलो आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

गतवर्षी मार्गशीर्षात आमच्या परिचयातील एका तरुण व्यापाऱ्याचे मुंबईस लग्नकार्य होते व त्याच दिवशी वाशीच्या दाणा बाजारात काही बोलणीही करावयाची होती. त्याने आठ आसनांचे लहान जेट विमान ठरविले. आम्ही पाच जण होतो. मी प्रथम नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, "काका, आगगाडीने गेलात तर दोन रात्री जातील. विमानाने सूर्यास्तापूर्वी कॅम्पात परत येऊन घरी जेवाल. रात्रिभोजनत्यागाचा नियम तुमचाच ना?" धर्माचाच आधार मिळाल्यावर माझा विरोध टिकला नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने तयार केली. आज तेथे हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, आणि नागरी प्रवाशांसाठी २०१७ साली नवी इमारत झाली आहे. तेथून निघालो तो तासाभरात मुंबई! माझ्या बालपणी वडिलांबरोबर जाताना मिरजेस गाडी बदलावी लागे; ट्रंका, फराळाचा डबा व पाण्याचा तांब्या सांभाळीत आम्ही दुसऱ्या गाडीकडे धावत असू. येथे तर सह्याद्रीचे कडे पायांखालून सरकत होते. काही वेळाने खाडी दिसली, पत्र्यांच्या छपरांचा अथांग पसारा दिसला आणि त्यापलीकडे समुद्र. ते दृश्य भव्य होते, आणि मन हरखून गेले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

परत येताना मात्र निराळाच अनुभव आला. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे उपयोग करता येत नाही. शेकडो प्रवाशांची मोठी विमाने रांगेत असताना पाच जणांच्या विमानास थांबावे लागले, आणि ते न्याय्यच होते. आम्ही वर चढलो तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता. सूर्यास्त आकाशातच झाला, आणि घरी वाढलेले ताट तसेच राहिले. ज्या नियमाच्या नावाने विमानात बसलो, तो उपाशी राहूनच पाळावा लागला!

ही झाली विनोदाची बाजू. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच आठवड्यात आम्ही काही घाऊक व्यापाऱ्यांनी हमाली वाढवून देण्यास नकार दिला होता. "धंद्यात आता मार्जिन उरलेले नाही," असे कारण आम्ही सांगितले, आणि त्या कागदावर माझीही सही होती. विमानप्रवासाची वार्ता आमच्या आधी रविवार पेठेत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी दुकानी पोती उतरताना मुकादम शांतपणे म्हणाला, "मालक, इमानाच्या भाड्याला मार्जिन घावलं न्हवं?" भाडे मी दिलेले नव्हते. हे उत्तर ओठांपर्यंत आले व तेथूनच परत गेले.

ज्या तरुणाने विमान ठरविले होते, त्यालाही त्याची झळ लागली. महिन्याच्या उधारीवर ज्वारी पाठविणाऱ्या एका जुन्या पेढीने त्यास कळविले की, यापुढे आठ दिवसांत रक्कम द्यावी. त्याचे व्यवहार चोख होते, त्यात काडीचाही फरक पडला नव्हता. परंतु आपल्या धंद्याचे भांडवल तिजोरीत जेवढे असते, तेवढेच ते लोकांच्या मनात असते. त्यालाच आपण पत म्हणतो. ज्याच्या घरात पैसा नको तितका उधळला जातो, त्याच्याकडे आपला पैसा ठेवावयास लोक कचरतात, ही बाजाराची रीत फार जुनी आहे.

मोठ्या देशांतील मोठ्या धन्यांनाही हा धडा मिळाला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील तीन प्रमुख मोटार कंपन्यांचे अधिपती सरकारी साहाय्य मागण्यासाठी वॉशिंग्टन या राजधानीस गेले, ते आपापल्या कंपनीच्या खाजगी विमानांनी. कंपन्या बुडण्याच्या बेतात आहेत असे सांगणाऱ्यांना लोकप्रतिनिधींनी विमानाविषयीच प्रश्न विचारून निरुत्तर केले. पुढच्याच महिन्यात तेच गृहस्थ मोटारीने शेकडो मैलांचा प्रवास करून पुन्हा हजर झाले! मार्जिन नाही असे सांगून विमानात बसणारे आम्ही, आणि ते, यांत फरक केवळ आकाराचा आहे.

विमानविद्येस माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. त्या चिमुकल्या विमानात कोणी शेठ-सावकार नव्हता. टपालाच्या थैल्या होत्या. मुंबईहून ते टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासेस गेले. म्हणजे आपल्या देशातील नियमित हवाई सेवेचा जन्म हजारो लोकांची पत्रे वाहण्यासाठी झाला. त्यानंतर सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला. आपल्याच समाजातील त्या पुरुषाने विमानाकडे देशाचे सामर्थ्य म्हणून पाहिले. विमान पुष्कळांच्या उपयोगी पडते तेव्हा ते साधन असते. एकाच्या सोयीसाठी उडते तेव्हा ते आभूषण होते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही हिशेब पाहा. ते विमान आम्हांस नेण्यासाठी मुंबईहून रिकामे आले. आम्हांस घेऊन गेले. आणून सोडले आणि पुन्हा रिकामेच परत गेले. चार फेऱ्यांपैकी दोन रिकाम्या! जेट विमानास तासाला शेकडो लिटर इंधन लागते. मालमोटार दोन्ही खेपा भरलेली असावी म्हणून आपण दहा ठिकाणी निरोप धाडतो. मग स्वतःच्या प्रवासापुरते आपण हे शहाणपण कोठे ठेवतो?

आता धर्माकडे वळू. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक गुणव्रत आहे. दाही दिशांस आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा ठरवून घ्यावी, आणि ती नद्या, पर्वत, समुद्र, देश अशा प्रसिद्ध खुणांनी आखावी, असे आचार्यांनी सांगितले आहे. ती मर्यादा मोडण्याचे जे दोष तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत, त्यांत पहिला आहे ऊर्ध्वव्यतिक्रम, म्हणजे वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे. विमाने नव्हती त्या काळी हा विचार झालेला आहे! आमच्या मातोश्रींनी हे व्रत घेतले होते. पूर्वेस शिखरजी, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस समुद्र. वरच्या दिशेविषयी विचारता त्या म्हणाल्या होत्या, "वर किती म्हणून सांगू? विंध्यगिरी चढते तेवढेच." आम्ही मुले तेव्हा हसलो होतो. ढगांच्या वर बसलो असताना त्या वाक्याची आठवण झाली, आणि हसू आले नाही.

या व्रताचा हेतू माणसास घरी कोंडून ठेवणे हा नाही. मर्यादेबाहेर गेलो नाही की तेथील हिंसा व लोभ यांपासून आपोआप दूर राहतो, एवढाच त्याचा साधा व्यावहारिक अर्थ. त्याच्या शेजारचे व्रत अनर्थदंडाचे; म्हणजे प्रयोजनाशिवाय होणाऱ्या हानीचा त्याग. प्रश्न विमानात बसावे की नाही हा नसून, कशासाठी बसावे हा आहे.

आपला मुलूख तर पायी चालणाऱ्यांचा. निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत चालत गेले. सदलग्यास १९४६ साली जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज २०२४ साली समाधिस्थ होईपर्यंत पायीच विहार करीत राहिले. आपण गृहस्थ आहोत; त्यांची बरोबरी आपण करू शकत नाही व कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. परंतु ज्यांच्या चरणांवर मस्तक ठेवतो, त्यांच्या आणि आपल्या चालीत अंतर किती पडू द्यावे, याचा विचार तरी करावा.

तरुण मंडळी म्हणतील, पैसा आमचा, वेळ आमचा. वेळेचे मोल मी जाणतो. अत्यवस्थ रुग्णास मोठ्या इस्पितळात न्यावयाचे असेल, तर घर विकूनही विमान करावे. तेथे मी सर्वांत पुढे राहीन. घाई असेल, तर सर्वांबरोबर तिकीट काढून विमानाने जावे, त्यात संकोच कसला? परंतु केवळ दिमाखासाठी विमान ठरविण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हे काम दुसऱ्या मार्गाने होण्यासारखे नाही काय? रिकामी आसने गरजू प्रवाशास, रुग्णास वा विद्यार्थ्यास देता येतील काय? आणि त्या दिवशी आपल्या हमालासमोर, मुनिमासमोर व देणेकऱ्यासमोर मान वर करून उभे राहता येईल काय? तिसऱ्या प्रश्नास होकार असेल, तर खुशाल जावे.

माझ्यापुरते सांगतो. पुढील बैठकीत हमालीचा विषय मी स्वतः पुन्हा मांडला. मागितली होती तेवढी वाढ मंजूर झाली नाही, निम्मी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी यंदाही बोलणार आहे. मुकादमाने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. मात्र त्या दिवशी पोती लावून झाल्यावर तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितले. पूर्वी तो रोज मागत असे. मधले काही दिवस मागत नव्हता.

जय जिनेंद्र.